कावळी आरवली

दुपारच्या सामसुमीत हुंगणी वाजली, पण रोजच्यासारखी नाही.

एरवी तिचा आवाज म्हणजे नुसतं ‘टुक्’. एकदा टुक् झालं की समजायचं, या अंड्यातून तलंग निघणार, म्हणजे पुढे अंडी देणारी कोंबडी. दोनदा टुक् टुक् झालं की कोंबडा. आज मात्र तिने सर्दी झालेल्या माणसासारखा लांबट सूर काढला, ‘ट्यूंऽऽ’, आणि गप्प झाली. कोपऱ्यात गोधडीवर झोपलेल्या सावनीने कूस बदलली. निमिषाने हात तसाच अधांतरी धरला. पाच वर्षांची पोर एकदा उठली की मग कसली अंडी नि कसलं काय. सावनीचा श्वास पुन्हा संथ झाला तेव्हा निमिषाने टोपलीतलं दुसरं अंडं उचललं आणि हुंगणीची रबरी वाटी त्याच्या रुंद बुडाला टेकवली. ट्यूंऽऽ. तिसऱ्यालाही तेच. टोपली संपली तरी एक टुक् ऐकू आलं नाही.

दिवाळी नुकतीच उलटली होती. पावसाळ्यात पिल्लं गारठून मरतात, म्हणून तेव्हा वाडीत कोणी कोंबडी अंड्यांवर बसवत नाही. थंडी पडू लागली, एखादी कोंबडी खुडूक होऊन कोपऱ्यात फुगून बसली, की घराघरातून अंडी निमिषाकडे येतात. यंदाची ही पहिलीच टोपली, पारकरांच्या माईने मोठ्या हौसेने धाडलेली.

हुंगणी हे नाव वाडीने ठेवलेलं. तिचं खरं नाव लांबलचक आणि जिभेला न झेपणारं होतं. विजेरीएवढं यंत्र, पुढे रबरी वाटी, वाटीच्या तळाशी नखाएवढी चकती. चमत्कार सगळा त्या चकतीत. अंडं श्वास घेत असतं. हाताला गुळगुळीत लागणाऱ्या कवचाला हजारो बारीक भोकं असतात. त्यांतून बाहेरची हवा आत जाते आणि आतला वास बाहेर येतो. कोंबडी अंडं घालते तेव्हा ते तिच्या पोटात जवळजवळ दिवसभर राहिलेलं असतं. तेवढ्या वेळात बलकावरच्या पांढुरक्या ठिपक्यात जीव कामाला लागलेला असतो, एका पेशीच्या हजारो पेशी झालेल्या असतात. नराच्या पेशींचा कारभार आणि मादीच्या पेशींचा कारभार किंचित वेगळा, म्हणून दोघांचा वासही किंचित वेगळा. माणसाच्या नाकाला, कुत्र्याच्याही नाकाला तो फरक कळत नाही. त्या चकतीला कळतो.

दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतली केतकी हे यंत्र घेऊन वाडीत आली होती. बचतगटातल्या बायकांनी ते चालवायला निमिषाला निवडलं, कारण ती बारावीपर्यंत विज्ञान शिकली होती आणि तिचा हात हलका होता. केतकीने तेव्हा आणखी एक गंमत सांगितली होती. माणसांत मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या वाट्यावर ठरतं. कोंबड्यांत ते आईकडून येणाऱ्या वाट्यावर ठरतं. निमिषाच्या सासूबाईंना तीन मुलींनंतर मुलगा झाला होता. त्या म्हणाल्या, “कोंबयेचा बरा असा. तिका सासू नाय.”

त्याच दिवशी दोघीतिघींनी निमिषाला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, हे यंत्र माणसाचं पण सांगतं का म्हणून. नाही सांगत, आणि सांगत असतं तरी मी लावलं नसतं, असं म्हणून तिने तो विषय तिथेच मिटवला होता.

सासूबाईंचं हुंगणीशी कधी पटलं नाही. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग, हे त्यांना त्यांच्या आईने शिकवलेलं. पहिल्या हंगामात त्यांनी प्रत्येक अंडं आधी आपण पारखून मगच हुंगणीपुढे ठेवलं. त्यांचा अंदाज कधी लागायचा, कधी चुकायचा. हुंगणी मात्र चुकली नाही. सासूबाईंच्या मते त्यात अंड्यांचा दोष होता, हल्लीची अंडी पूर्वीसारखी राहिली नाहीत.

बाकी वाडी खूश होती. पूर्वी निम्मी पिल्लं कोंबडे निघायची. तुरा लाल होईपर्यंत वाट बघायची, तोवर दाणे घालायचे, ते एकमेकांच्या डोळ्यांवर चोची मारायचे, आणि शेवटी एकेकाच्या मानेवर सुरी फिरायची. आता टुक् टुक् झालेल्या अंड्याचा सरळ पोळा व्हायचा, कांदा-मिरची घालून. जीव धरण्याआधीच अंडं तव्यावर गेलं की मनाला लागत नाही. निमिषालाही हे मनापासून बरं वाटायचं. हातात ऊब धरलेलं पिल्लू पुढे कापायला द्यायचं, हे तिला माहेरीही कधी जमलं नव्हतं.

संध्याकाळी तिने केतकीला फोन लावला आणि यंत्र बिघडल्याचं सांगितलं. केतकीने एक अंडं बशीत फोडायला लावलं. बलकावरचा ठिपका कसा दिसतो? कडं असलेला, डोळ्यासारखा? की नुसताच पांढरा डाग?

निमिषाने बशी दिव्याखाली धरली. “नुसताच डाग.”

“मग यंत्र ठीक आहे, ताई. अंड्यात कोणी नाहीच आहे, ते बिचारं सांगणार काय? तुमच्याकडे कोंबडा आहे ना?”

“आहे की,” निमिषा म्हणाली. मग थांबून म्हणाली, “म्हणजे, शेजारी असेल.”

दुसऱ्या दिवशी ती कोंबडा शोधायला निघाली. वाडीतल्या कोंबड्यांना कुंपण माहीत नव्हतं. सकाळी खुराड्यातून सुटल्या की या परसातून त्या परसात फिरायच्या, आणि एखाद्या घरचा कोंबडा चार घरांना पुरायचा. पारकरांची माई म्हणाली, आमचा गेल्या शिमग्याला कापला, पण गावड्यांकडे असेल. गावडीण म्हणाली, आमच्याकडे कशाला, रोझीचा आहे ना तांबडा, तो सगळीकडे उंडारत असतो. रोझी फर्नांडिस कपडे वाळत घालत होती. ती हसायलाच लागली. मे महिन्यात भावाच्या लग्नाला पाहुणे आले तेव्हा तिने तो तांबडा रश्श्यात घातला होता. माईकडे आहेच एक, असं समजून.

निमिषा पायवाटेवर थांबली. प्रत्येकीने हुंगणीचं ऐकून आपापल्या कोंबड्या वाढवल्या होत्या आणि कोंबडा दुसरीवर सोपवला होता. मेपासून वाडीत कोंबडा नव्हता, आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पहाटे उठवायला मोबाइल होते. पावसाळ्यात मुंगसाने एकामागून एक कोंबड्या नेल्या तेव्हा सगळ्यांनी यंदा मुंगसं फार झाली असं म्हटलं. धोका दिसला की ओरडून कोंबड्यांना आडोशाला पिटाळणारा कोणी उरला नाही, हे कोणी म्हटलं नाही.

घरी येऊन तिने सासूबाईंना हे सांगितलं, तेव्हा त्या तांदूळ निवडता निवडता थांबल्या. पुढच्या रविवारी राखण होती. गावाच्या सीमेवर राहून माणसांना, गुरांना सांभाळणारा राखणदार. वर्षातून एकदा त्याला वाडीतच वाढलेला कोंबडा द्यायचा, विकतचा नाही, ही वाडीची रीत. आणि कोंबडा तर वाडीत औषधालाही नव्हता.

तो आला शुक्रवारी पहाटे.

म्हणजे आवाज आला. आधी फाटका, खरखरीत, मध्येच अडकलेला. मग पुन्हा, जरा लांब. सगळ्या वाडीने तो ऐकला, आणि जो तो अंगणात आला. माई पदर सावरत आली, रोझी दात घासता घासता आली. आवाज निमिषाच्या परसातून येत होता. तिथे लाकडांच्या राशीवर, मान ताणून, सावनीची कावळी आरवत होती.

ही कावळी म्हणजे मे महिनाअखेर निघालेल्या पिल्लांतलं एक. पावसाने बाकीची नेली, हिला सावनीने चुलीशेजारच्या करंडीत वाढवलं. चोचीपासून नखांपर्यंत काळी, म्हणून कावळी. ती सावनीच्या हातचा भात खायची आणि तिच्या खांद्यावर बसून अंगणवाडीच्या वाटेपर्यंत जायची. अंडी द्यायच्या वयाची झाली होती, पण अजून एकही दिलं नव्हतं. तुरा मात्र हल्ली जरा मोठाच वाटत होता.

“ह्यो तर कोंबो,” माई म्हणाली. तिने निमिषाकडे जे पाहिलं, त्यात बरंच काही होतं. कावळीचं अंडं हुंगणीला लावून निमिषानेच सांगितलं होतं, एक टुक्, तलंग. आता हुंगणी खोटी पडली असेल तर दोन वर्षांत आपण खाल्लेल्या पोळ्यांत किती तलंगी गेल्या, असा हिशेब माई तिथल्या तिथेच करायला लागली.

सासूबाई वेगळंच म्हणाल्या. त्यांनी आयुष्यभर कोंबड्या पाळलेल्या. ही कोंबडीच आहे, चालीवरून कळतं, असं त्यांचं ठाम मत. आणि म्हणूनच त्या घाबरल्या होत्या. कोंबडी आरवली तर तो अपशकुन. तिला त्याच दिवशी कापायची, घरात ठेवायची नाही. त्यांच्या आईने तेच केलं होतं, आजीनेही.

सावनी दोघींकडे आळीपाळीने बघत होती. कोंबडा ठरली तर राखणीला जाणार, कोंबडी ठरली तर आजच जाणार, एवढं तिला समजलं. तिने कावळीला उचललं आणि धावत जाऊन तांदळाच्या रिकाम्या पिंपात घालून वर स्वतः बसली.

संध्याकाळपर्यंत तातू आजोंच्या कानावर गोष्ट गेली होती. तातू आजो वाडीचे गावकर, देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा. त्यांनी फार विचार केला नाही. आरवतो तो कोंबडा, आणि राखणदाराने आपला कोंबडा आपणच शोधून दिला आहे, असा त्यांनी निवाडा दिला. सगळ्यांना हायसं वाटलं. सासूबाईंनाही वाटलं, कारण अशी वस्तू देवाच्या पायाशी गेली की घरावरचं टळतं. यंत्राला हात न लावलेल्या माणसांचं ठीक होतं. निमिषाला मात्र ते एक टुक् अजून कानात ऐकू येत होतं.

तिने पुन्हा केतकीला फोन केला. केतकी इतकी खूश झाली की तिला आधी गप्प करावं लागलं. कोंबडीच्या पोटात अंडाशयं दोन असतात, केतकी सांगू लागली, पण कामाला लागतं फक्त डावं. उजवं जन्मभर तसंच राहतं, काय व्हायचं ते न ठरवता. डाव्याला काही इजा झाली, तर कधी कधी उजवं जागं होतं, आणि कोंबडीला तुरा फुटतो, ती आरवायला लागते. हे एक. दुसरं असं, की कळपात कोंबडाच नसेल तर सगळ्यांत धीट कोंबडी त्याची कामं हाती घेते. घार दिसली की ओरडते, दाणा दिसला की बाकीच्यांना बोलावते. क्वचित आरवतेसुद्धा. दोन्हींत ती असते मादीच. पेशीपेशीने मादी.

“मला दुसरं कारण वाटतं,” केतकी म्हणाली. “यंत्राचं चुकलेलं नाही. पण तिला मारू नका ना. मी मंगळवारी येते, येताना दुसऱ्या गावची फळलेली अंडी आणते.”

मंगळवार रविवारनंतर होता.

निमिषाने रात्रीची भांडी घासताना तोच तो विचार केला. गप्प राहिलं तर कावळी कोंबडा म्हणून जाईल. यंत्रावरचा विश्वास थोडा जाईल, तो परत मिळवता येईल. बोललं तर कावळी कोंबडी म्हणून जाईल, कारण आरवणारी कोंबडी कोणाच्या अंगणात राहू देतील? खरं बोलून सावनीचं पाखरू वाचत नव्हतं आणि खोटं बोलूनही वाचत नव्हतं. गोव्यात कामाला असलेला नवरा फोनवर म्हणाला, एका कोंबडीसाठी गावाशी वाकडं कशाला, मी येताना दुसरं पिल्लू आणतो. तो चांगला माणूस होता. पण सावनी पिंपावर बसून झोपलेली त्याने पाहिली नव्हती.

रविवारी वाडीतले दोघे बाप्ये येऊन कावळीला घेऊन गेले. सासूबाईंनीच पिंप उघडलं. सावनी रडली नाही, ती आईचा हात धरून मागोमाग चालू लागली, आणि निमिषाला ते रडण्यापेक्षा जड गेलं.

सीमेवर जुन्या किंजळाच्या झाडाखाली राखणदाराचा दगड. पुरुष झाडाखाली, बायका बांधाच्या अलीकडे, अशी उभं राहण्याची पद्धत. कावळीचे पाय बांधले होते. ती गोंधळून इकडेतिकडे मान वळवत होती. तातू आजोंनी हात जोडले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा राखणदारा, म्हाराजा!”

“होय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“आज तुझी लेकरां वर्षाच्या रितीप्रमाणे तुझ्या पायाशी जमली हत, म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“मानाचो कोंबो घेवन इली हत, तो तू मान्य करून घे, म्हाराजा!”

“होय...”

निमिषाच्या तोंडून ते निघेना. प्रत्येक ओळीला होय म्हणायचं म्हणजे त्या ओळीची साक्ष द्यायची. तिच्याशेजारच्या माईला तिचं गप्प राहणं जाणवलं, मग रोझीला, आणि ती शांतता बांधावरून पसरत गेली. शेवटी तातू आजोंनी डोळे उघडले.

“काय झाला गो?”

“तो कोंबो नाय, आजो,” निमिषा म्हणाली. “ती कोंबडी असा. मी माझ्या कानानी ऐकलंय.”

झाडाखाली कुजबुज झाली. एक जण म्हणाला, मग तर आधी कापा तिला, आरवणारी कोंबडी. दुसरा म्हणाला, देवाच्या दारात अपशकुन कापतात का? तातू आजोंनी हात वर केला. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, पेचात पडलेला होता.

“कोंबडी असा तर आरवता कित्याक?”

हे ती फोनवर ऐकून आली होती, पण डावं अंडाशय नि उजवं अंडाशय तिथे सांगण्यात अर्थ नव्हता. ती म्हणाली, “आरवूक कोणी रवलोच नाय म्हणान. आमी एकय कोंबो ठेवूक नाय. तुमच्याकडे नाय, आमच्याकडे नाय. सगळ्यांका वाटला, दुसऱ्याकडे असा. कोणीतरी आरवूक व्हया होता. ती आरवली.”

माई खाली बघायला लागली. आणि तेव्हा सासूबाई बांध ओलांडून पलीकडे गेल्या. बायका ओलांडत नाहीत, तो बांध. त्या सरळ दगडापाशी गेल्या, वाकल्या आणि कावळीच्या पायांची दोरी सोडायला लागल्या. गाठ पक्की होती, त्यांची बोटं म्हातारी होती, वेळ लागला. सोडता सोडता त्या देवाकडे बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या.

“माझी आवस कापी, म्हणान मी पण कापूक सांगलंय. कित्याक ता तिकाय ठावक नव्हता. देवाक खोटा सांगूचा नाय, तातू. अपशकुन हिचो नाय. अपशकुन आमी पोळे करून खाल्ले.”

आधी रोझी हसली. मग माई. मग तातू आजोंच्या मिशाही हलल्या, पण ते गावकर होते, हसण्याआधी त्यांना वाट काढायची होती. त्यांनी कोणाला तरी आपल्या घरच्या छपरावरचा कोहळा आणायला पिटाळलं. कोंबडा नसेल तर कोहळा कापतात, हेही रीतीत बसतं. कोहळा येईपर्यंत सगळे तिथेच उभे राहिले, आणि केतकी आणणार त्या अंड्यांतलं नराचं अंडं कोणाच्या खुराड्यात आधी बसवायचं यावरून बायकांची तिथेच जुंपली. परवापर्यंत जे कोणाला नको होतं ते आता प्रत्येकीला आपल्या घरी हवं होतं. तातू आजोंनी गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून घातलं. कोंबड्याच्या जागी कोहळा म्हटलं, आणि शेवटी एक नवी ओळ जोडली. पुढल्या सालापासून घरटी एक कोंबो आमी राखतलंव, म्हाराजा.

या वेळी निमिषा होय म्हणाली. सगळ्यांत मोठ्याने म्हणाली बहुतेक, कारण माईने तिला कोपराने ढोसलं.

उन्हं कलत असताना त्या घरी निघाल्या. सासूबाई पुढे, काही झालंच नाही अशा. मागे निमिषा, आणि तिच्या बोटाला सावनी. कावळी सावनीच्या काखेत होती, आणि सावनीचे प्रश्न, जे तीन दिवस बंद होते, ते पुन्हा सुरू झाले होते.

देवाला कोहळा आवडतो का? आवडत असेल, निमिषा म्हणाली, त्याच्या वड्या गोड लागतात. कावळी उद्या पण आरवेल? आरवेल. आजी ओरडेल? नाही ओरडणार, पण रोज पहाटे उठवलं तर आजी बोलेल जरूर. केतकीताईच्या अंड्यातून कोंबडा निघाला की मग कावळी थांबेल? केतकीताईला वाटतं, थांबेल बहुतेक. ती ते बघायलाच येणार आहे. मग कावळी अंडी देईल? देईलही. त्या अंड्यांना तू हुंगणी लावणार? लावणार, निमिषा म्हणाली, आणि दोनदा वाजली तरी ते अंडं आपण खाणार नाही.

सावनीला ते पटलं. कावळीने मान वर काढून आजूबाजूला पाहिलं, जणू ही वाट तिच्याच देखरेखीखाली होती.

“आई, रोझीकाकूचा तांबडा कोंबडा लग्नात गेला, तेव्हा कावळी अंड्यातच होती ना?”

निमिषाने मनात महिने जुळवले. “हो गं. अंड्यातच होती.”

“आणि नंतर वाडीत कोंबडा नव्हताच.”

“नव्हताच.”

सावनी थांबली. तिने कावळीला दोन्ही हातांनी समोर धरलं आणि तिच्या चोचीत निरखून पाहिलं.

“मग हिने कोंबडा बघितला नाही, त्याचा आवाजपण ऐकला नाही. आरवायचं कसं, ते हिला सांगितलं कोणी?”